उपाशी लोकर

मला कुणी मावशी म्हटलं की माझं डोकं फिरतं. नांदेडला स्टेशनसमोर रिक्षात बसले की रिक्षावाला म्हणतो, "मावशी, जरा आत सरका." पोरगं बिचारं आदबीनंच बोलत असतं, पण मी फाडकन म्हणते, "मावशी कुणाची रे? काकू म्हण, आजी म्हण, नाहीतर काहीच म्हणू नको." तो आरशातून बघतो. म्हातारी सटकली आहे असंच त्याला वाटत असणार. वाटू दे. माझा लेक तर हात जोडतो, "आई, लोकांवर कशाला ओरडतेस? साधा शब्द आहे." साधा! साधा असता तर मी कशाला माझा घसा फोडला असता?

मी तेव्हा अकरा वर्षांची होते. लातूर जिल्हा नवा नवा झाला होता, दुष्काळ मात्र जुनाच होता. बाबा नांदेडच्या कचेरीत कारकून. नव्या जिल्ह्यात माणसं कमी आणि टेबलं जास्त, लवकर वर चढता येईल, म्हणून त्यांनी बदली मागून घेतली. तेव्हा निम्म्या कचेऱ्या भाड्याच्या घरांत होत्या, पाट्यांचा रंगही वाळला नव्हता. आम्हाला दोन खोल्यांचं सरकारी क्वार्टर मिळालं. शेजारी सगळे बाहेरून आलेले, कुणाचं मूळ कुणाला ठाऊक नाही. बाबांना नेमकं हेच आवडलं. कुणी विचारलं की ते म्हणायचे, "लोह्याकडचे आम्ही. शेती आहे घरची."

शेती होती, खोटं नव्हतं. चार एकर माळ आणि त्यात कुसळं. पण आमचं घर चाललं होतं ते मेंढरांवर. आम्ही धनगर. आजोबा-पणजोबा सगळे मेंढरांमागं हिंडून म्हातारे झाले. हे बाबा कुणाला सांगत नसत. क्वार्टरमध्ये मेंढरू हा शब्दसुद्धा काढायचा नाही. गावाकडून आणलेली काळी घोंगडी गादीच्या खाली अंथरलेली असायची, वर फुलांची चादर. पाहुणे आले की बाबा आधी गादीचा कोपरा चाचपून बघायचे.

आणि अशा घरी आत्या येऊन उतरली.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, दहा-बारा वर्षांनी मोठी. बाबा तिला अक्का म्हणत. नवऱ्यानं दुसरी केली तेव्हा ती माहेरी आली, ती परत गेली नाही. आजोबा वारल्यावर कळप तिनंच राखला. आमच्यात लोकर कातरायचं काम गडी करतात, ती तेही स्वतः करायची. मेंढरू मांडीत आडवं घेऊन अशी कातर चालवायची की एवढा ओरखडा उठायचा नाही. सूत तर काय, चालता चालता काढायची. डाव्या काखेत लोकरीचं गाठोडं, उजव्या हातात फिरती टकळी. तिनं कातलेलं सूत सणगर घ्यायचा, त्याची घोंगडी विणायचा, आणि त्याच सुतावर बाबा नांदेडच्या बोर्डिंगात राहून शिकले. हे मला बाबांनी नाही सांगितलं. आईनं सांगितलं, तेही बाबा घरात नसताना.

त्या साली गावात ना चारा, ना पाणी. आत्यानं पाला ओरबाडून घातला, घरावरचं जुनं गवतसुद्धा घातलं, शेवटी जी उभी राहू शकत होती तेवढी मेंढरं विकली. मग पत्र्याची पेटी आणि लोकरीचं अर्धं पोतं घेऊन लातूरच्या स्टँडवर उतरली. दारात आल्या आल्या म्हणाली, "बापू, पाऊस पडंस्तोवर ऱ्हाते." बाबा म्हणाले, "रहा की, अक्का. तुझंच घर आहे." पण त्यांचं लक्ष पोत्याकडं होतं.

दुसऱ्या दिवशी ती पायरीवर टकळी घेऊन बसली. आमच्या आत्याच्या तोंडाची टकळी कधी चालली नाही, हातातली मात्र थांबायची नाही. मी बाजूला बसून बघत राहिले. लोकर बोटांतून निघायची आणि खाली जाईपर्यंत तिचा दोरा झालेला असायचा. कुठं झाला ते कितीही टक लावली तरी कळायचं नाही. तेवढ्यात बाबा कचेरीतून आले. इकडंतिकडं बघून हळू आवाजात म्हणाले, "अक्का, आत बसत जा ना. इथं हे बरं दिसत नाही."

"काय बरं दिसत न्हाई?"

"हे. लोकर. लोक बघतात."

"लोकांनी कधी लोकर बघितली न्हाई का?" पण ती उठली. त्यानंतर ती मोरीपाशी बसून कातायची, दार लोटून.

बदल्यात तिनं आमचं पाणी अंगावर घेतलं. टँकर यायचा तेव्हा क्वार्टरांतल्या सगळ्या बायका घागरी घेऊन पळायच्या. आई नाजूक, तिला दोन घागरींतच धाप लागायची. आत्या एकटी पिंप भरून टाकायची. पदर खोचलेला, डोक्यावर हंडा, काखेत कळशी, पायात काही नाही. बाबांच्या साहेबांचा बंगला टँकरच्या जागेसमोरच होता. साहेबांच्या बाई व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर बसून रांगेची गंमत बघायच्या. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आई वाईट नव्हती. पण दोन खोल्यांत चार माणसं, आत्या झोपायची स्वयंपाकघरात, सकाळी चहा टाकायचा तर तिला ओलांडून जावं लागायचं. आई धुसफुसायची. आत्यालाही ते कळायचं. कुणाच्या पायात आपण येतो आहोत हे कळणं लई वाईट. ती आई उठायच्या आत अंथरूण गुंडाळून अंगणात जाऊन उभी राहायची.

असे चार महिने गेले. मग एका सकाळी बाबा चहा पिताना म्हणाले, "औशाला लोकर कताईचं केंद्र निघतंय. खडी फोडायला जाणाऱ्या बायकांना सूत कातायला शिकवायचं. फाईल माझ्याच टेबलावरून गेली. शिकवायला बाई नेमायची आहे. पगार आहे. आणि मागं राहायला खोली."

आत्या पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं. "खोलीला आतनं कडी हाय का?"

"असेल की."

"न्हाई, बघून सांग. आतनं कडी पायजे."

बाकी तिनं काही विचारलं नाही. पगार किती हे सुद्धा नाही. बाबा म्हणाले, "रविवारी उद्घाटन आहे. साहेब घरच्यांना घेऊन चाललेत, आपल्यालाही बोलावलंय. अक्का, तू चल. मी साहेबांशी स्वतः बोलतो. सांगतो, ही माझी थोरली बहीण, हिच्यासारखं सूत अख्ख्या जिल्ह्यात कुणी काढत नाही." हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले. आईनंही ऐकले. आत्या नुसती म्हणाली, "हाव, बापू," आणि पुढची पोळी तिनं इतकी पातळ लाटली की तव्यावर टाकताना फाटली.

रविवारपर्यंत तिचं एकच चाललं होतं. नऊवारी लुगडं दोनदा धुतलं, तेही वापरून उरलेल्या पाण्यात. पोत्यातली लोकर निवडून ठेवली. टकळीला तेलाचं बोट लावलं. मला म्हणाली, "तू सुट्टीत यायचं माज्याकडं. खोली हाय. कडी लावून आपण दोघी दुपारी झोपायचं." मी म्हटलं, "येईन की!" मला तर जत्रेला जायचं म्हटल्यासारखं झालं होतं. आईनं दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी बांधली, पाण्याची किटली भरली.

कचेरीच्या जीपमध्ये पुढं साहेब, मधे साहेबांच्या बाई आणि आम्ही. आत्या मागं, सतरंज्या आणि डब्यांच्या पिशव्यांशेजारी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खडीचे ढीग आणि ढिगाजवळ बसलेल्या बायका. रविवार असून बसलेल्या. साहेबांच्या बाई बोलायला गोड होत्या. मला गोळ्या दिल्या, कितवीत आहे विचारलं, पाढे म्हणून घेतले. "हुशार आहे हो तुमची मुलगी," त्या म्हणाल्या. बाबा खूश. अजूनही मला कुणी हुशार म्हटलं की मी तिथून उठते.

केंद्र म्हणजे धान्याच्या मोंढ्यामागचं एक पत्र्याचं गोदाम. आत तुरीच्या भुशाचा वास. भिंतीला लागून आठ नवे कोरे चरखे आणि सतरंजीवर वीसेक बायका, खडीच्या कामावरून आणलेल्या, हातांना फडकी गुंडाळलेल्या. मी मात्र आधी मागं पळत जाऊन खोली बघून आले. खोलीला कडी होती. आतून. मी येऊन आत्याच्या कानात सांगितलं. तिनं माझा हात दाबला.

कायमची बाई मिळेपर्यंत शिकवायला बाहेरून एक मास्तर आणले होते. त्यांनी आम्हा घरच्या मंडळींसाठी सगळं क्रमानं करून दाखवायचं ठरवलं होतं. दारात एक मेंढी बांधली होती. तिच्या बरगड्या मोजता आल्या असत्या. "बघा मंडळी," मास्तर म्हणाले, "मेंढीच्या अंगावरची लोकर आपल्या अंगावर कशी येते!" सगळे हसले. एका गड्यानं मेंढीची थोडी लोकर कातरली. मास्तरांनी लोकर धुणं, वाळवणं, पिंजणं सांगितलं, पिंजलेल्या लोकरीचे लांबट गुंडाळे म्हणजे पेळू कसे वळायचे ते दाखवलं. मग ते चरख्यावर बसले, पेळूचं टोक लावलं, चाक फिरवलं. वीतभर सूत निघालं आणि टक्. तुटलं. पुन्हा जोडलं, पुन्हा वीतभर, टक्. मास्तरांनी चरख्याला नावं ठेवली, मग हवेला. मग बायकांना बसवलं. त्यांचंही तेच. सगळीकडून नुसतं टक्, टक्.

"ह्यांचे हात जड आहेत साहेब," मास्तर म्हणाले. "खडी फोडायची सवय. नाजूक काम यायला वेळ लागणार."

बायकांनी माना खाली घातल्या. आणि मागून आत्याचा आवाज आला, "हाताचं काय न्हाई, मास्तर. लोकर उपाशी हाय."

साहेब वळले. मास्तर हसले, "उपाशी? बाई, लोकर काय जेवते काय?"

"लोकर न्हाई जेवत. मेंढरू जेवतं." ती पुढं आली. केंद्राच्या पोत्यातून लोकरीची एक बट उचलली, दोन टोकं दोन चिमटींत धरली, कानाशी नेली आणि ताणली. टक्. बट मधोमध तुटली. दुसरी घेतली, तीही तिथंच. तिसरी तिनं साहेबांच्या हातात दिली, "वढा तुमी." साहेबांनी ओढली. तिथंच. "बघा. शेंडा मागल्या पावसातला, चांगला हाय. बुडखा छावणीतल्या चाऱ्याचा, त्यो बी बरा हाय. हे मधलं उन्हाळ्यातलं. जितराबाच्या पोटात काय नव्हतं, तर केसात कुठून येईल? तितं केस बारीक झाला. कुणी बी काता, तितंच तुटणार. ह्या बायांच्या हाताला कामून नाव ठेवता?"

बसलेल्या बायकांतून एकीनं म्हटलं, "हाव बाई, खरं हाय." दुसरीनं तोंडाला पदर लावला.

"मग काय करायचं?" साहेबांनी विचारलं. खरंच विचारलं, चेष्टेनं नाही.

"मधनं मोडून घ्यायची. तोकडी तोकडीसंग पिंजायची. कोकराची मऊ लोकर असली तर थोडी मिसळायची. आन् पीळ जास्त द्यायचा." बोलता बोलता तिनं बटा मोडल्या, बोटांनीच पिंजल्या, कंबरेची टकळी काढली आणि उभ्या उभ्या सूत काढायला लागली. टकळी फिरत फिरत जमिनीपर्यंत गेली. तुटलं नाही. गुंडाळलं, पुन्हा सोडली. तुटलं नाही. मला वाटत होतं ओरडून सांगावं, ही माझी आत्या आहे! वाटत होतं, हे खरं सांगते. दोन मिनिटं तसं वाटलं.

साहेबांनी टाळी वाजवली. "अहो मास्तर, शिकवणारी बाई तर इथंच उभी आहे! आपण कशाला शोधत बसलोय? कोण आहेत ह्या? जीपमधून तुमच्याबरोबर आल्यात ना?" साहेबांनी बाबांना विचारलं.

आत्यानं पदर सावरला आणि बाबांकडं बघितलं. नव्या नवरीला नाव घ्यायला सांगितल्यावर ती बघते ना, तशी लाजून बघत होती. पन्नाशीची बाई. मीही बाबांकडं बघितलं. मला तर त्यांचं वाक्य पाठ होतं. ही माझी थोरली बहीण, हिच्यासारखं सूत अख्ख्या जिल्ह्यात कुणी काढत नाही.

बाबांनी शर्टाची कॉलर नीट केली. आजूबाजूला कचेरीतले दोघंतिघं उभे होते. बाहेर ती मेंढी खोकत होती. बाबा म्हणाले, "लोह्याकडच्या आहेत साहेब. आमच्या गावच्या."

"नात्यातल्या?"

"नाही... म्हणजे, गावातलं नातं असतं तसं."

तेवढ्यात साहेबांच्या बाई म्हणाल्या, "अहो, मी रोज बघते ह्यांना टँकरवर. ह्यांच्याकडं पाणी भरतात त्या." आणि माझी हनुवटी धरून अगदी मायेनं विचारलं, "काय गं, कोण ह्या तुझ्या?"

आता बघा. माझ्या तोंडात शब्द आलेला होता. पण मी बाबांकडं बघितलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. आई डब्याच्या पिशवीत काहीतरी शोधत होती, जे पिशवीत नव्हतं. मी आत्या म्हटलं असतं तर बाबा सगळ्यांदेखत खोटे पडले असते. मी हुशार होते ना!

"मावशी," मी म्हटलं.

मावशी म्हणजे आईची बहीण, हे पहिलीतल्या पोरालाही माहीत असतं. पण आमच्या शाळेत घंटा द्यायची आणि वर्ग झाडायची तीही मावशी. दवाखान्यात भांडी उचलायची तीही मावशी. दोन्ही अर्थ मला ठाऊक होते, आणि साहेबांच्या बाईंना कुठला कळेल हेही ठाऊक होतं. पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला समजावलं की मी तसं खोटं बोलले नाही, नात्याचाच शब्द वापरला. कसलं काय! अकरा वर्षांच्या पोरीनं वेचून शब्द काढला होता. सख्ख्या बहिणीला परकं म्हणायची बाबांची हिंमत होत नव्हती, ते काम मी करून दिलं.

"हां, म्हणजे कामाला," बाई म्हणाल्या.

आत्याच्या हातातली टकळी थांबली. तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

साहेब जरा विचारात पडले. "हात चांगला आहे बाईंचा. पण आठ चरखे, लोकर, गोदामाची किल्ली, सगळं त्यांच्या ताब्यात द्यायचं. शिकलेल्या नाहीत, तर जिम्मा घेणारं घरचं माणूस पाहिजे. तुम्ही घेता का जिम्मा?" हे बाबांना विचारलं. म्हणजे दार अजून उघडंच होतं! अजूनही एक शब्द पुरे होता.

"मी कसा घेणार साहेब," बाबा म्हणाले. "तेवढी ओळख नाही."

तेवढी ओळख नाही! त्यांना पाठुंगळी घेऊन मेंढरांमागं हिंडलेली बाई ती.

साहेबांच्या बाईंना वाईट वाटलं, त्यांचं मन मोठं. "मग मावशी म्हणून ठेवा की," त्या म्हणाल्या. "झाडलोट, पाणी. केंद्राला मावशी लागेलच."

साहेब म्हणाले, "हो, ते जमेल. काय बाई, राहाल?"

आत्यानं टकळीवरचं सूत गुंडाळलं, टकळी कंबरेला खोचली. "न्हाई जी," ती म्हणाली. "मग ह्यांच्या घरचं पाणी कोण भरंल?"

इतक्या साध्या आवाजात म्हणाली की कुणाला काही कळलं नाही. आम्हा तिघांना कळलं. तिनं बाबांना तिथंही वाचवलं.

दुपारी सतरंजीवर सगळे जेवायला बसले. आत्या आपण होऊन त्या वीस बायकांत जाऊन बसली. आई तिच्या वाट्याच्या दशम्या घेऊन गेली, तर आत्या उठून उभी राहिली, दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली आणि म्हणाली, "द्या, बाईसाहेब." आई तशीच परत आली. तिला घास गेला नाही. परतताना जीपमध्ये ती तोंडाला पदर लावून बसली होती, धूळ लागते म्हणून सांगत होती. औशाच्या स्टँडवर बाबांनी जीप थांबवली आणि मला, एकटीला, गरम भज्यांचा पुडा आणून दिला. कधी नव्हे ते डोक्यावरून हात फिरवला. मी सगळी भजी खाल्ली. एक उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर आला. आत्यानं पिंप भरलं, हंडे भरले, बादल्या भरल्या, आईची पातेलीसुद्धा भरून ठेवली. मग पेटी उचलली. आई रडायला लागली, "अक्का, नका ना जाऊ." आत्या म्हणाली, "चार दिस पुरंल पानी." बाबा आंघोळीला गेले होते. इतक्या वेळ आंघोळ! दुष्काळात कोण एवढं अंगावर घेतं? ते ती गेल्यावर बाहेर आले. लोकरीचं पोतं तिनं तिथंच ठेवलं होतं. ते कुठं गेलं मला माहीत नाही.

ती गावी जाऊन लोह्याच्या रस्त्यावर खडी फोडायला लागली. केंद्रात कुणी दुसरी बाई नेमली, वर्षभरात ते बंद पडलं म्हणे. बाबा साहेब झाले. त्या रविवारबद्दल ते मरेपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. ते गेले तेव्हा ती आली होती, गावच्या बायकांत मागं बसून निघून गेली. मी लग्न होऊन नांदेडला आले, नोकरी केली. दिवाळीला तिला लुगडं घेऊन जायची. ती घ्यायची, चहा करायची, मेंढरांचं बोलायची. पुढं पुन्हा पाचसहा केली होती तिनं. मी "आत्या, आत्या" करत राहायची, एका वाक्यात तीनतीनदा. ती ओ द्यायची नाही. बोलणं टाळायची असं नाही, फक्त त्या हाकेला ओ नाही.

शेवटी तिला धाप लागायला लागली तेव्हा गावच्या पोरांनी नांदेडच्या सरकारी दवाखान्यात आणून टाकलं. मी कचेरीतून तशीच धावले. वॉर्डात मावश्यांची ये-जा चाललेली, कुणी बादली घेऊन, कुणी चादरी घेऊन. सिस्टर कागद भरत होती. जवळचं माणूस कोण म्हणून विचारलं. मी नाव सांगितलं. "नातं?"

मी वाटच बघत होते. इतकी वर्षं वाट बघत होते म्हणा ना. अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "आत्या आहे माझी. माझ्या वडिलांची सख्खी थोरली बहीण."

आत्यानं डोळे उघडले. नाकातली नळी सांभाळत सिस्टरला म्हणाली, "न्हाई ओ बाई. मी ह्यांच्याकडं पानी भरायला होते. ती मला मावशी म्हणती."

सिस्टर एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, "आत्या, असं कशाला बोलतेस गं? मी लहान होते." रडत होते मी, भर वॉर्डात.

"तू सांगितलेलंच सांगून राहिले मी," ती म्हणाली. राग नव्हता आवाजात. मग भिंतीकडं तोंड केलं.

सिस्टरला दहा पेशंट होते. ती म्हणाली, "अहो ताई, लवकर सांगा, मावशी लिहू का?" मी आत्याच्या पाठीकडं बघत राहिले. तिनं लिहिलं आणि कागद माझ्यापुढं केला.

आत्या तिसऱ्या दिवशी गेली. तो कागद माझ्याकडं आहे. नातं, मावशी. खाली माझी सही.